लांडग्यांच्या बसल्या जागा

गावाचं नाव मी सांगणार नाही. लांडग्यांचा ठावठिकाणा छापून सांगायचा नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे. आता तो पाळण्यात काही अर्थ उरलेला नाही, पण सवय जात नाही. पाथर्डीपासून जीपने पाऊण तास, एवढं वाचकांना पुरे.

मी नगरच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर चर्चमधल्या माझ्या मैत्रिणींनी शिवणाचा वर्ग काढला आणि मी लांडग्यांच्या मागे लागले. माझी धाकटी बहीण सगळ्यांना सांगते, "वय झालं की माणसं देवाकडे वळतात, आमची ताई कुत्र्यांकडे वळली." तिला लांडगा आणि कुत्रा यातला फरक समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे.

आमचा सात-आठ जणांचा गट आहे. माळ तुडवायचा आणि लांडग्यांच्या खुणा वहीत लिहायच्या, एवढंच काम. ठसे, विष्ठा, आणि बसल्या जागा. लांडगा रात्रभर फिरतो आणि दिवसा एखाद्या झुडपाच्या आडोशाला गवत दाबून पडून राहतो. तो उठून गेला तरी त्या दाबल्या गवतात त्याचे केस, त्याचा वास, त्याच्या अंगाचं माप मागे राहतं. ती बसली जागा. लांडगा दिसणं हा नशिबाचा भाग असतो, पण बसली जागा धीर धरला तर सापडते. मी पहिला लांडगा सुप्याच्या बाजूला पाहिला होता. त्या माळावर आता कारखान्यांच्या भिंती आहेत. श्रीगोंद्याकडच्या दोन जागा पाणी आलं आणि उसाखाली गेल्या. माझ्या वहीत नोंदींपेक्षा काट जास्त आहेत, आणि खरं सांगायचं तर या प्रवासाला निघतानाच माझ्यात फारशी आशा नव्हती.

त्या गावाच्या डोंगरावर खडी क्रशर यायचा होता. वनखात्यातले एक भले साहेब म्हणाले होते, "मला बीळ दाखवा, पिल्लं दाखवा. ते नाही जमलं तर निदान कळप आहे एवढं तरी दाखवा. सोमवारच्या बैठकीत मी विरोध नोंदवतो. नुसता एखादा लांडगा जाता-येता दिसला, यावर काही अडत नाही." नाताळ नुकताच झाला होता. गटातल्या कुणालाही सुट्टी नव्हती. रिकामी मीच होते.

बुधवार

जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो, त्यातली एक शेळी. गावात उतरले तर निम्म्या घरांना कुलपं. माणसं उसाला गेलेली. दिवाळी झाली की हा सगळा भाग ट्रॅक्टरमध्ये बसतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. मागे म्हातारी माणसं राहतात आणि जनावरं.

धोंडाबाईही अशाच मागे राहिलेल्या. जातीच्या धनगर, वय पंचावन्नच्या पुढेमागे. नवरा, मुलगा, सून तिघंही श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला आणि या डोंगराच्या पायथ्याशी चाळीस मेंढरं घेऊन एकट्या. त्यांच्याकडेच मी उतरणार होते, कारण सगळ्या पंचक्रोशीत माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं आम्हाला कळलं होतं. वडिलांकडून शिकलेली विद्या. मातीवरचा ठसा बघून जनावर केव्हा गेलं, पोटभर गेलं की उपाशी, हे त्या सांगत.

"या बाई," त्या म्हणाल्या, "लांडगं बघाया आलाव व्हय? लोक पंढरीला जात्यात, तुमी लांडग्याला आलाव."

मी नाताळच्या करंज्या नेल्या होत्या. त्यांनी एक घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी पदराला बांधली. रात्री जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आमच्याकडे जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतात. मी डोळे मिटले तशी धोंडाबाईंनी माझा दंड धरला. "बाई, चक्कर आली का काय?" मी सांगितलं, देवाचे आभार मानत होते. "माडग्याबद्दल?" त्यांना नवल वाटलं. त्या स्वतः पहिला तुकडा मोडून उंबऱ्याबाहेर टाकत. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, "ज्याचा असंल त्याच्यासाठी."

त्या माडग्याची चव अजून जिभेवर आहे. पुढे जे कळलं त्यानंतर मला ती नकोशी झाली आहे.

गुरुवार, शुक्रवार

दोन दिवस आम्ही डोंगराची पूर्वेची बाजू पालथी घातली. मेंढरं पुढे, धोंडाबाई मध्ये, मी मागे. जानेवारीतला माळ म्हणजे नुसती कुसळं. मोज्यांत, परकराच्या काठाला, कुठे कुठे शिरतात ते विचारू नका. पहिल्याच दिवशी माझ्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. बहिणीने सांगितलं होतं, नवे घे. मी सुतळीने बांधून चालले.

पण शिकले मात्र पुष्कळ. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई परत पहिलीत बसली. "कुत्र्याचा माग बघा," धोंडाबाई काठीने दाखवत, "शाळा सुटल्याली पोरं जशी जात्यात तसा. हिकडं हुंगलं, तिकडं मुतलं. ह्यो तसा न्हाई. ह्यो कामाला निघाल्यावानी सरळ जातो. मागचा पाय पुढच्याच ठशात." विष्ठा फोडून त्यातले सशाचे केस त्यांनी मला दाखवले, मेंढीची लोकर आणि सशाचा केस बोटांत कसा वेगळा लागतो ते दाखवलं. मी विचारत होते आणि त्या सांगत होत्या. मास्तरकीची हौस त्यांनाही होती.

एवढं सगळं, आणि सापडलं काय? दोन वाळलेल्या विष्ठा, तीन आठवड्यांपूर्वीच्या. एक जुनी बसली जागा, जिच्यातून गवताचे नवे कोंब वर आले होते. शुक्रवारी दुपारी मी एका दगडावर बसून चक्क रडायच्या बेतात होते. सोमवारी साहेबांना काय दाखवणार? वाळलेलं शेण?

"पश्चिमेच्या नाल्याकडे जाऊ," मी म्हटलं.

"तिकडं काय न्हाई. नुस्ता खडक हाय."

हे त्या तिसऱ्यांदा म्हणत होत्या. नाल्याची बाजू आली की मेंढरं वळवत. मला वाटलं, चढण आहे, पाय दुखत असतील, बाई कंटाळली. विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून गृहपाठ केला नाही हे मी ओळखत आले, याचा मला मोठा गर्व होता. पण या बाईच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही, मी जमिनीकडेच बघत होते.

शनिवार

सकाळी एक मेंढी व्यायला झाली म्हणून धोंडाबाई घरी अडकल्या. मी एकटीच निघाले आणि सरळ पश्चिमेला गेले.

नाल्याच्या काठावर बोरी आणि तरवडाची झुडपं आहेत. पहिल्या बोरीखाली वाकले आणि जागच्या जागी बसलेच. गवत गोल दाबलेलं, मधोमध खोलगट, कडेला करडे-पिवळे केस. हात ठेवला तर माती दवाने सर्वत्र गार आणि तेवढ्या जागी कोरडी. पाच पावलांवर दुसरी जागा. तरवडाच्या आड तिसरी. मग चौथी, मग पाचवी. तीस-पस्तीस पावलांच्या आत पाच बसल्या जागा! टेपने मापं घेतली, सगळी एकसारखी, सगळी भरल्या अंगाच्या जनावराची. ठसे तर इतके की मोजता येईनात.

मी त्या माळावर एकटी हसले. साठीच्या बाईने, सुतळीने बांधलेल्या बुटासह, दोन गिरक्याही घेतल्या असतील. मग धापा टाकत रेंज येते त्या टोकावर चढले आणि गटातल्या एकाला फोन लावला. "पाच आहेत! कळप आहे, पूर्ण कळप!" पलीकडे कुणीतरी ओरडलं, टाळ्या वाजल्या. दहा मिनिटांत साहेबांना निरोप गेला आणि साहेबांचा उलट निरोप आला की अभिनंदन, सोमवारी फोटोंसकट नोंदीचं पत्रक भरून घेऊन या. इतक्या वर्षांत वहीत काट न मारता काहीतरी लिहायला मिळणार होतं.

दुपारी धोंडाबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. "नाल्याच्या अंगाला?" एवढंच विचारलं. भाकरी तव्यावर तशीच करपली. मग उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "चला."

त्या पाच जागांपाशी त्या एकेक करून उकिडव्या बसल्या. मी मागे उभी राहून शाबासकीची वाट बघत होते.

"बाई," त्या म्हणाल्या, "ही सकाळची हाय. तुमी आलाव तवाच उठली असंल. ही दुसरी कालची, हिच्यावर एक रातीचं दव पडून गेलंय, धुळीला खड्डं बघा. हितं कोळ्यानं जाळं धरलंय, ही परवाची. हिला वाळवी लागाय लागलीया. आन् ह्या पाचवीत तित्तर येऊन लोळून गेलाय, त्याचं पीस पडलंय. ह्ये पाच लांडगं न्हाईत. ही एकच हाय. पाच दिस झालं, रोज जागा बदलून हितंच पडतीया."

"एकच? मग इथेच का?"

त्यांनी काठी उचलून दाखवली. नाल्याच्या दरडीला, आमच्यापासून वीस हातांवर, दगडांची रास होती. बाभळीच्या काटेरी फांद्या आत कोंबलेल्या. मी सकाळी ती पाहिली होती आणि शेताचा जुना बांध समजून सोडून दिली होती. जवळ गेले. खालच्या दगडांवर नखांचे ओरखडे होते, मातीत कोपरभर खड्डा उकरलेला, आणि काट्यांवर वाळलेलं काळं रक्त.

"कुणी बुजवलं हे?"

"म्या."

त्या खाली बसल्या, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि सांगू लागल्या. गेल्या रविवारी मादी वाघरीत शिरली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. एक कोकरू नेलं असतं तर धोंडाबाई काही बोलल्या नसत्या, वर्षाला एखादं जातंच. पण तिने सात मारली आणि एकच नेलं. वस्तीवरची म्हातारी माणसं गोळा झाली. आज हिची, उद्या आमची. बीळ कुठे आहे ते दुसऱ्या कुणाला काढता येत नाही, तुलाच येतं, तेव्हा तूच बुजव. सोमवारी संध्याकाळी, ती शिकारीला गेली असताना, धोंडाबाईंनी दगड रचले.

"आत पिल्लं होती?"

"व्हती. कुईकुई येत व्हतं."

सोमवार संध्याकाळ. मी बोटांवर मोजलं. मी बुधवारी आले होते. बुधवारी रात्री आम्ही माडगं पीत होतो. गुरुवारी मला सशाचे केस दाखवले जात होते. महिन्याभराची पिल्लं दोन-तीन दिवस तग धरतात. मी आले तेव्हा ती जिवंत असणार, आणि आम्ही दोघी दोन दिवस डोंगराच्या दुसऱ्या बाजूला फिरत होतो, कारण ही बाई मला तिकडे फिरवत होती.

मी पुष्कळ बोलले. शाळेत सर्वांत उनाड पोराला बोलले नसेन असं बोलले. खोटारडी म्हटलं, खाटीक म्हटलं. आज ते आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला आणखी शब्द हवे होते.

"बोला," धोंडाबाई म्हणाल्या. "तुमाला वाटंल तितकं बोला. माझी सात कोकरं मेली तवा पत्रक भराय कुनी आलं न्हाई, बाई. आन् तुमाला सांगाया तोंड उघडलं न्हाई माझं. तुमी करंज्या घिऊन आलाव. म्हनलं, दोन दिसात ती निघून जाईल, तुमीबी जाल."

मग त्याच उठल्या आणि दगड काढायला लागल्या. मीही लागले. काटे हातात मोडत होते, त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटचा दगड निघाला तसा वास आला. मोबाईलचा उजेड आत टाकला. हातभर आत, भिंतीशी, तीन पिल्लं एकमेकांवर पडली होती. सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला.

धोंडाबाईंनी त्यांना हात लावू दिला नाही. "आपला वास लागंल. ऱ्हाऊ द्या." त्या रात्री मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले आणि मला एकही शब्द सुचला नाही. जेवण तसंच ठेवलं.

रविवार

उजाडताच आम्ही परत गेलो. का, ते ठरवलं नव्हतं. उठलो आणि निघालो.

बीळ रिकामं होतं.

नाल्यातल्या मऊ धुळीत सगळं लिहिलेलं होतं आणि वाचायला या वेळी मला धोंडाबाईंची गरज पडली नाही. माग बिळातून निघाला होता, डोंगराच्या वरच्या अंगाला. ठशांच्या एका बाजूने बारीक रेघ ओढलेली, तोंडातून लोंबत्या पायांची किंवा शेपटीची. मग तोच माग रेघेशिवाय परत. मग पुन्हा रेघ, पुन्हा परत. तीनदा गेली होती. दोनदा परत आली होती. तिसऱ्यांदा गेली त्या मागाला परतीचा माग नव्हता.

आम्ही वर चढलो. निम्म्या चढावर उघडा खडक लागतो, शंभर-दीडशे पावलांचा. तिथे माग संपला. पलीकडे तासभर शोधलं. धोंडाबाई तर हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत होत्या, दगडाच्या फटीफटीतली माती बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडून सारखं "गेली गं, गेली" असं येत होतं. त्या रडत आहेत हे मला जरा उशिराच कळलं. त्यांचा राग आला होता तो तेव्हा गेला असं म्हणणार नाही. पण मी खाली बसले आणि त्यांच्या तळहातातले काटे काढून दिले. त्यांनी माझ्या हातातले काढले.

घरी येऊन मी पत्रक पुढे घेतलं. बसल्या जागा: पाच. बीळ: एक, रिकामं. त्यापुढचा रकाना, प्राण्यांची संख्या. त्यापुढचा, सध्या वावर आहे का.

धोंडाबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण पेन थांबलं हे कळलं.

"पाच लिवा," त्या म्हणाल्या. "काल फोनवर तुमी पाचच सांगितलं ना? कोन मोजाय येतंय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पाच जागांचे फोटो माझ्याकडे होते. दव, वाळवी आणि तित्तराचं पीस फोटोत कुणाला वाचता येणार होतं? साहेबांना तर पाचच हवे होते. एक आकडा लिहिला असता तर डोंगर वाचला असता, निदान काही वर्षं. पण मी तीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांचे पेपर काढून घेतलेली बाई. माझ्या हाताला दुसरं वळणच नाही. मी संख्येपुढे एक लिहिला. वावर आहे का, यापुढे नाही लिहिलं.

"तुमचं तुमी जाना," धोंडाबाई म्हणाल्या आणि जीपपर्यंत माझी पिशवी घेऊन आल्या.

सोमवारी साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं. "मॅडम, यावर मी काय विरोध करणार?" असं म्हणून त्यांनी ते फाईलला लावलं. गटातली मंडळी मला काही बोलली नाहीत. खरं लिहिलंस, असं एक-दोघांनी कौतुकानं म्हटलं. बहिणीने नवे बूट आणून दिले, ते खोक्यातच आहेत.

प्रवासाची हकीकत इथे संपवायला हवी होती. पण गेल्या महिन्यात धोंडाबाईंचा फोन आला. क्रशर सुरू झाला आहे. दिवसातून दोनदा सुरुंग उडतात, डोंगराला तारेचं कुंपण पडलं आहे, गवतावर पांढरी भुकटी बसते आणि मेंढरं तोंड लावत नाहीत. आवाजाने चार मेंढ्यांनी गाभ टाकला. चराईसाठी आता तीन कोस जावं लागतं, तिथली माणसं हाकलून लावतात. मुलगा म्हणतो मेंढरं विकू आणि तूही उसाला चल. हे सगळं त्यांनी कुरकुर न करता, माग वाचून दाखवावा तसं एकेक करून सांगितलं. लांडगीण परत कुणाला दिसली का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या.

मग त्यांनी मेंढरांना एक हाळी दिली.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमी पाच लिवाय पायजे व्हतं."

"हो," मी म्हटलं.